खाल्ल्या मिठाचा हिशेब

२०२२ च्या जुलै महिन्याच्या पहिल्याच दिवशी सेंट पीटर्सबर्गमध्ये इव्हान फेदोतोव्ह या आइस हॉकीच्या गोलरक्षकाला लष्करी सेवा चुकवल्याच्या आरोपावरून पकडण्यात आले. त्याच वर्षी त्याने बीजिंगच्या हिवाळी ऑलिम्पिकमध्ये रौप्यपदक मिळवले होते, मॉस्कोच्या लष्करी क्लबला विजेतेपद मिळवून दिले होते आणि अमेरिकेतल्या फिलाडेल्फिया फ्लायर्सशी करार केला होता. यातल्या तिसऱ्या गोष्टीचा त्या अटकेशी काही संबंध नसावा, असे मानण्याइतके भोळे लोक फार थोडे निघाले. त्याची रवानगी उत्तरेकडच्या तळावर झाली आणि फिलाडेल्फियाला पोहोचायला त्याला २०२४ चा मार्च उजाडला. तेव्हापासून कोणी तरुण रशियन खेळाडू अमेरिकेची वाट धरू लागला की एक जुना वाद नव्याने पेटतो आणि दोन्ही बाजू एकाच माणसाला साक्षीला उभे करतात. तो माणूस म्हणजे सोव्हिएत आइस हॉकी संघाचा एकेकाळचा कर्णधार व्याचेस्लाव्ह फेतिसोव्ह. (नावांतले साम्य फसवे आहे, हा गोलरक्षक आणि तो बचावपटू यांच्या वयात जवळजवळ चार दशकांचे अंतर आहे.)

एक बाजू म्हणते, ज्याला देशाने लहानपणापासून फुकट शिकवले, बर्फ दिला, प्रशिक्षक दिले, त्याने खाल्ल्या मिठाला जागावे. आज फेतिसोव्हसुद्धा हेच सांगतो. दुसरी बाजू म्हणते, हाच माणूस १९८९ मध्ये व्यवस्थेशी भांडून अमेरिकेत गेला आणि परत येऊन त्याच राज्ययंत्रणेत क्रीडाखात्याचा प्रमुख, सिनेटर, खासदार झाला. अशा दुटप्प्याचे काय ऐकायचे? दोघेही माणसाचा निवाडा करण्यात गुंतले आहेत आणि प्रश्न बिचारा बाजूला पडला आहे. राज्यसंस्थेने खेळाडू घडवला तर तो तिचे काही देणे लागतो का, आणि लागत असेल तर ते कशाने फेडायचे? माझे उत्तर असे की देणे असू शकते; पण ते पैशात आणि आधी ठरलेल्या अटींवर फेडायचे असते. माणसाच्या आयुष्यातली वर्षे कापून ते वसूल करू लागले की त्याला आपल्या भाषेत वेठ म्हणतात. आणि याचा सर्वांत भक्कम पुरावा फेतिसोव्हच्याच कारकीर्दीत आहे, तो स्वतः आज काहीही म्हणत असला तरी.

बर्फावरची हॉकी आपल्याकडे लडाख आणि स्पितीबाहेर फारशी कोणी खेळत नाही, म्हणून थोडे सांगणे भाग आहे. गोलरक्षक सोडला तर एका वेळी प्रत्येक बाजूचे पाच जण बर्फावर असतात, तीन आघाडीवर आणि दोन बचावाला. चेंडूच्या जागी पक नावाची कडक रबराची चकती असते. बचावपटूने मागे थांबावे, अंगावर येणाऱ्याला अडवावे आणि पक दूर घालवावा, ही जुनी रीत. १९५८ साली मॉस्कोत एका साध्या कुटुंबात जन्मलेला फेतिसोव्ह या रीतीत मावला नाही. पक मिळताच तो दूर घालवण्याऐवजी स्वतःच घेऊन निघायचा, आघाडीच्याही पुढे जायचा आणि त्याची मागची जागा न सांगता कोणीतरी भरायचा. हे 'कोणीतरी' म्हणजे कसातोनोव्ह, लारिओनोव्ह, क्रुतोव्ह आणि मकारोव्ह. या पाचांच्या संचाने १९८० च्या दशकात जगाला दमवले. १९८१ च्या कॅनडा चषकाच्या अंतिम सामन्यात सोव्हिएत संघाने कॅनडाला कॅनडातच ८-१ असे हरवले. १९८४ आणि १९८८ ची ऑलिम्पिक सुवर्णपदके त्यांचीच. फेतिसोव्हच्या नावावर जागतिक अजिंक्यपदाची सात सुवर्णपदके आहेत.

या यशामागची दिनचर्या मात्र नीट पाहायला हवी. त्यांचा क्लब त्सेस्का, म्हणजे लष्कराचा मध्यवर्ती क्रीडा क्लब. अठरा वर्षे पूर्ण झालेल्या प्रत्येक मुलावर लष्करी सेवेची सक्ती असल्यामुळे देशातला कुठलाही गुणी खेळाडू हा क्लब गणवेश चढवून आपल्याकडे ओढू शकत असे. मकारोव्ह चेल्याबिन्स्कहून आला, लारिओनोव्ह वोस्क्रेसेन्स्कहून. १९७७ मध्ये विक्टर तिखोनोव्ह प्रशिक्षक झाले आणि त्या वर्षापासून १९८९ पर्यंत त्सेस्काने राष्ट्रीय विजेतेपद एकदाही सोडले नाही, सलग तेरा वर्षे. त्या तेरा वर्षांत खेळाडू वर्षातले दहा-अकरा महिने मॉस्कोबाहेर अर्खांगेलस्कोये येथील तळावर राहत. लग्न झालेले, मुले झालेले पुरुष बायकामुलांना भेटायला सुटी मागत आणि ती मिळेलच याची खात्री नसे. सगळे लष्करी अधिकारी असल्यामुळे क्लब सोडणे म्हणजे संघ बदलणे नव्हते. ते सैन्यातून सुटका मागणे होते.

ही सुटका फेतिसोव्हने मागितली. १९८८ च्या कॅलगरी ऑलिम्पिकनंतर तुला अमेरिकेत खेळायला जाऊ देऊ, असे त्याला सांगण्यात आले होते. (अमेरिका आणि कॅनडातले क्लब एनएचएल या एकाच व्यावसायिक लीगमध्ये खेळतात; पुढे अमेरिकी लीग म्हटले आहे ती हीच.) तिथल्या न्यू जर्सी डेव्हिल्स या क्लबाने १९८३ पासूनच त्याच्यावर आपला हक्क नोंदवून ठेवला होता. ऑलिम्पिक झाले, सुवर्ण आले आणि शब्द फिरवला गेला. त्या ऑक्टोबरमध्ये लारिओनोव्हने 'ओगोन्योक' साप्ताहिकात तिखोनोव्ह यांना उद्देशून खुले पत्र लिहिले. जानेवारी १९८९ मध्ये फेतिसोव्हने वृत्तपत्रातून जाहीर केले की यापुढे तिखोनोव्ह यांच्या संघात आपल्याला खेळायचे नाही. देशाच्या कर्णधाराला सरावासाठी बर्फ मिळेनासा झाला. संरक्षणमंत्री याझोव्ह यांनी आपल्याला सैबेरियाला पाठवण्याची धमकी दिली होती, असे त्याने नंतर अनेकदा सांगितले आहे. शेवटी सहकाऱ्यांनी दूरचित्रवाणीवर येऊन, त्याला घेतले नाही तर आम्हीही जागतिक स्पर्धेला जाणार नाही, असे बजावले तेव्हा कुठे तो स्टॉकहोमला गेला. तिथे सुवर्ण जिंकल्यावर वीस वर्षांचा अलेक्झांडर मोगिल्नी संघातून निसटून अमेरिकेला गेला. फेतिसोव्हलाही हा मार्ग उघडा होता. त्याने तो घेतला नाही. आपल्याला चोरासारखे जायचे नाही, रीतसर पारपत्र घेऊन जायचे आणि हवे तेव्हा परत यायचे, ही त्याची मागणी होती, आणि त्याच वर्षी ती त्याने मान्य करून घेतली.

आता विरुद्ध बाजूचे म्हणणे. ते क्षुल्लक नाही. ज्या मुलाच्या घरच्यांना त्याच्या खेळावर पैसा खर्च करणे परवडले नसते, त्याला राज्यसंस्थेने शाळा दिली, बर्फ दिला, जगातले उत्तम प्रशिक्षण दिले. हे प्रशिक्षण म्हणजे अनातोली तारासोव्ह यांच्यासारख्या विलक्षण माणसाने बॅले, बुद्धिबळ आणि बँडीसारखा जुना खेळ यांतून वेचून उभारलेली विद्या होती. कॅनडात हाच मुलगा जन्मला असता तर त्याच्या बापाला खिसा रिकामा करावा लागला असता. मग त्या विद्येचे फळ अमेरिकेतल्या धनिक क्लबमालकाने एक पैसाही न देता का तोडावे? मला हा प्रश्न रास्त वाटतो. पण तो वसुलीच्या पद्धतीविषयी काहीच सांगत नाही. आपल्याकडे शासकीय वैद्यकीय महाविद्यालयातून डॉक्टर होणाऱ्याकडून बंधपत्र लिहून घेतात. त्याविषयी तक्रारी असतील, पण ते प्रवेशाच्या वेळी लिहिले जाते, त्यात मुदत असते आणि ती संपली की डॉक्टर मोकळा होतो. फेतिसोव्हच्या कर्जाचा कागद कुठे होता? मुद्दल किती, व्याज किती, फिटले कधी हे ठरवणार कोण? दोन ऑलिम्पिक सुवर्णे, डझनभर राष्ट्रीय विजेतेपदे आणि वयाची एकतीस वर्षे देऊनही ज्याचे खाते बंद होत नाही, त्याचे कर्ज हे सावकाराच्या वहीतले कर्ज आहे. वही सावकाराच्याच बगलेत आणि आकडाही त्याच्याच मर्जीतला.

आणि पैशाचा मार्ग उपलब्ध नव्हता असेही नाही. सोव्हइंटरस्पोर्ट नावाची सरकारी संस्था परदेशी क्लबांशी करार करत होती. फक्त ती क्लबाकडून एकरकमी भरपाई घेऊन थांबत नव्हती, तर खेळाडूच्या पगारातला मोठा हिस्सा वर्षानुवर्षे मागत होती. फेतिसोव्हने हे नाकारून न्यू जर्सीशी स्वतःचा करार केला. लारिओनोव्हने तीन मोसम व्हँकुव्हरमध्ये काढले आणि पुढचा पैसा या संस्थेला मिळू नये म्हणून चक्क एक वर्ष स्वित्झर्लंडमध्ये जाऊन खेळणे पसंत केले. 'अखेर पैशासाठीच गेला ना' असे फेतिसोव्हविषयी कुत्सितपणे म्हटले जाते. गेला असेल. आपल्या कष्टाचा मोबदला आपल्या हातात यावा असे वाटण्यात लाज वाटण्यासारखे काय आहे, हे मात्र कोणी सांगत नाही.

विरोधकांचा दुसरा मुद्दा मला सर्वांत वजनदार वाटतो. ते म्हणतात, पाच माणसांनी एका मनाने खेळायचे तर ती एकत्र राहिलीच पाहिजेत. तो तळ, ती शिस्त, तो एकांतवास नसता तर तो अद्भुत संच झालाच नसता. कलेसाठी आश्रम लागतो, असा हा युक्तिवाद आहे, आणि गुरुगृही राहून शिकण्याची परंपरा असलेल्या आपल्यासारख्यांना तो पटकन पटतो. याला तर्काने उत्तर देण्यापेक्षा डेट्रॉइटकडे पाहावे. १९९५ च्या एप्रिलमध्ये फेतिसोव्ह डेट्रॉइट रेड विंग्समध्ये आला. तिथे फेदोरोव्ह, कोझलोव्ह आणि कोन्स्तांतिनोव्ह हे तीन रशियन आधीच होते. ऑक्टोबरमध्ये लारिओनोव्हही येऊन मिळाला. २७ ऑक्टोबर रोजी कॅलगरीत प्रशिक्षक स्कॉटी बोमन यांनी या पाचांना प्रथमच एकत्र बर्फावर उतरवले. फेतिसोव्ह तेव्हा ३७ वर्षांचा होता.

त्या काळच्या अमेरिकी हॉकीची रीत अशी की मध्यरेषा ओलांडली की पक समोरच्या कोपऱ्यात भिरकावून द्यायचा आणि त्याच्यामागे अंगावर अंग आदळत धावायचे. या पाचांनी पक भिरकावलाच नाही. पुढे वाट बंद दिसली की लारिओनोव्ह शांतपणे वळून मागे यायचा, आपल्याच गोलाकडे. प्रेक्षकांना वाटे, हा भ्याला की काय. मग पक फेतिसोव्हकडे, त्याच्याकडून न बघता आडवा कोन्स्तांतिनोव्हकडे, तोवर फेदोरोव्ह कुठून तरी वेग घेऊन आलेला, आणि फेतिसोव्ह स्वतः त्याच्याही पुढे निघालेला. मागे त्याची जागा लारिओनोव्हने धरलेली असे. पाच जण जागा बदलत राहत आणि समोरच्याला कोणाला धरावे हे कळत नसे. तो सामना त्यांनी ३-० ने जिंकला, त्या मोसमात डेट्रॉइटने ६२ सामने जिंकून विक्रम केला आणि १९९७ मध्ये या शहराला ४२ वर्षांनी स्टॅनली चषक, म्हणजे अमेरिकी लीगचे विजेतेपद, मिळाले. पुढच्या वर्षी पुन्हा. हे सगळे करणारे पुरुष सराव संपला की आपापल्या गाडीने आपापल्या घरी जात होते. तळ नव्हता, पहारा नव्हता, सुटीचा अर्ज नव्हता. विद्या तारासोव्हांची होती, ती मुक्त माणसांच्या हातातही तितकीच लखलखली. तळाने तिच्यात काय भर घातली होती?

उलट तळाने काय हिरावून घेतले याचेही उदाहरण त्याच संचात आहे. व्लादिमीर क्रुतोव्ह हा दांडग्या ताकदीचा आघाडीवीर फेतिसोव्हबरोबरच १९८९ मध्ये व्हँकुव्हरला गेला आणि एकाच मोसमात तिथून संपला; वजन वाढले, खेळ मंदावला. सोव्हिएत पद्धतीचे समर्थक याकडे बोट दाखवून म्हणत, पाहा, शिस्त काढली की काय होते. मला यातून वेगळेच दिसते. तीस वर्षांच्या माणसाला काय खायचे, किती झोपायचे आणि रिकाम्या संध्याकाळचे काय करायचे हे ठरवण्याची वेळ आयुष्यात पहिल्यांदा परक्या देशात यावी, हा दोष त्या माणसाचा की त्याला तोवर हे काही ठरवूच न देणाऱ्या व्यवस्थेचा? (मकारोव्हचे मात्र उलट झाले. तो कॅलगरीत इतका चमकला की एकतिसाव्या वर्षी त्याला सर्वोत्तम नवोदित खेळाडूचा पुरस्कार मिळाला आणि लीगला पुढच्या वर्षापासून नवोदितासाठी वयाची अट घालावी लागली.)

तिसरा आक्षेप देशाच्या नुकसानीचा. दारे उघडली, सगळे गेले आणि रशियन हॉकी खचली: १९९३ चे जागतिक सुवर्ण मिळाल्यावर पुढचे मिळायला २००८ साल यावे लागले आणि मधल्या काळात, २००० मध्ये, आपल्याच सेंट पीटर्सबर्गमध्ये रशिया अकरावा आला. हे खरे आहे आणि त्याची बोच समजण्यासारखी आहे. परंतु त्या दशकात रशियात पगार बुडत होते, कारखाने आणि त्यांच्या जोरावर चालणारे क्लब डबघाईला आले होते. तिथे फक्त हॉकी तगली असती, असे मानायला आधार काय? आणि २००८ चे ते सुवर्ण कोणी आणले? क्वेबेकमध्ये कॅनडाला अंतिम सामन्यात ५-४ असे हरवणारा गोल इल्या कोवालचुकने केला. तो अमेरिकी लीगमध्ये खेळत होता. त्याच संघातला ओवेच्किनही तिथेच खेळणारा. त्या संघात सर्गेई फेदोरोव्ह होता, जो १९९० मध्ये अमेरिकेच्या दौऱ्यावरून परतलाच नव्हता. गेलेलेच परत येऊन जिंकून गेले.

उरतो तो सर्वांत चतुर आक्षेप. अमेरिकेत तरी खेळाडू कुठे मोकळा असतो? तिथेही तो मालमत्ताच. यात बरेच तथ्य आहे. माँट्रियलच्या क्लबाने १९७८ मध्ये आणि न्यू जर्सीने १९८३ मध्ये फेतिसोव्हला न विचारता त्याच्यावर हक्क सांगितला होता, बाजारातल्या गुरावर शिक्का मारावा तसा. डेट्रॉइटला तो गेला तेव्हा त्याच्या बदल्यात न्यू जर्सीला मिळाला क्लब दरवर्षी पाळीपाळीने नवोदित निवडतात त्यातल्या तिसऱ्या फेरीत एक खेळाडू निवडण्याचा हक्क. सोव्हिएत संघाच्या कर्णधाराचा हा बाजारभाव. ज्या डेट्रॉइटमध्ये तो चषक जिंकला, त्याच क्लबाच्या टेड लिंडसेने १९५७ मध्ये खेळाडूंची संघटना उभारायचा प्रयत्न केला म्हणून त्याला शिकागोला पाठवून देण्यात आले होते. बेसबॉलपटू कर्ट फ्लडने १९६९ मध्ये आपली परस्पर विक्री नाकारली, खटला थेट सर्वोच्च न्यायालयापर्यंत नेला आणि १९७२ मध्ये ५ विरुद्ध ३ मतांनी हरला.

पण या उदाहरणांचा निष्कर्ष कोणत्या दिशेला जातो? फ्लड हरला, तरी तीन वर्षांत लवादाच्या निर्णयाने तीच बेडी तुटली. बेल्जियमचा फुटबॉलपटू बोस्मान युरोपच्या न्यायालयात गेला आणि १५ डिसेंबर १९९५ रोजी करार संपलेल्या खेळाडूला अडवण्याचा क्लबांचा अधिकार संपला. तेव्हाही हेच म्हटले गेले होते की आता खेळाडू घडवण्यावर कोण खर्च करील? त्यावर फुटबॉलने तोडगा काढला. आज करार चालू असताना खेळाडू विकला गेला की त्या रकमेतले पाच टक्के, तो १२ ते २३ वर्षांचा असताना ज्या क्लबांनी त्याला घडवले त्यांच्यात वाटले जातात. गल्लीतल्या क्लबालाही मिठाचे मोल मिळते आणि खेळाडूच्या पायात दोर पडत नाही. आइस हॉकीतही अमेरिकी लीग युरोपीय संघटनांना भरपाई देण्याचे करार करत आली आहे. रशियाने मात्र रक्कम तुटपुंजी आहे म्हणून २००५ पासून अशा करारावर सही केलेली नाही. रक्कम तुटपुंजी असेल तर ती वाढवून मागावी. तो भांडण्याचा योग्य मुद्दा आहे. रकमेवर न भांडता माणूस अडवायचा, हे फेदोतोव्हच्या बाबतीत झाले.

आता फेतिसोव्ह विरुद्ध फेतिसोव्ह. २०१५ मध्ये सिनेटर असताना त्याने असे सुचवले की २८ वर्षांखालच्या खेळाडूंना परदेशात खेळायला जाण्यापासून कायद्याने रोखावे, कारण देशाने त्यांच्यावर खर्च केला आहे. ते वाचून मी चरकलो होतो. हा माणूस तर हेच वाक्य ऐकून संरक्षणमंत्र्यांच्या दालनातून बाहेर पडला होता. तरीही त्याला दुटप्पी म्हणून विषय संपवणे हा आळस आहे. एक तर त्याच्या १९८९ च्या लढ्याला पाश्चात्त्य पत्रकारांनी साम्यवादातून पळालेल्या वीराची झूल चढवली; त्याने ती मागितली नव्हती. तो देशाविरुद्ध गेला नव्हता, एका सेनापतीविरुद्ध आणि एका नियमाविरुद्ध गेला होता. म्हणून त्याचे परतणे, २००२ ते २००८ या काळात क्रीडाखाते सांभाळणे, हे त्या भूमिकेशी विसंगत नाही. विसंगत आहे ती एवढीच सूचना, आणि तिचे खंडन करायला कोणी तिऱ्हाईत नको. एखाद्या साक्षीदाराने तरुणपणी पुराव्यानिशी दिलेली जबानी म्हातारपणी खुर्चीवर बसून फिरवली, म्हणून पुरावा नाहीसा होत नाही. अठ्ठाविसाची मर्यादा १९८६ मध्ये असती तर त्याला तीन वर्षे आधी जाता आले असते, एवढाच तिचा बचाव त्याला करता येईल. पण जिचे गुणगान त्याहून वाईट गोष्टीशी तुलना करूनच करावे लागते, तिला चांगली म्हणत नाहीत.

त्याच्या कृतींनी तर वेगळीच साक्ष दिली आहे. १९९७ चा चषक जिंकल्यावर सहाच दिवसांत डेट्रॉइटजवळ भाड्याच्या गाडीला अपघात झाला. त्यात कोन्स्तांतिनोव्ह आणि संघाचा मालिशवाला म्नात्साकानोव्ह कायमचे जायबंदी झाले, स्वतः फेतिसोव्हही जखमी झाला. दोन महिन्यांनी, ऑगस्टमध्ये, लारिओनोव्ह आणि कोझलोव्ह यांना घेऊन तो तोच चषक रेड स्क्वेअरवर घेऊन आला. आणि २००९ च्या डिसेंबरमध्ये त्सेस्काचे बचावपटू जखमी झाले तेव्हा त्या क्लबाच्या ५१ वर्षांच्या अध्यक्षाने बूट बांधले आणि सेंट पीटर्सबर्गच्या संघाविरुद्ध रशियन लीगच्या अधिकृत सामन्यात तो बर्फावर उतरला, एका सामन्यापुरता. अध्यक्ष फेतिसोव्हच होता. वीस वर्षांपूर्वी जो क्लब सोडण्यासाठी त्याला मंत्र्यापर्यंत भांडावे लागले होते, त्याच क्लबाचा सदरा त्याच्या अंगावर होता आणि तो घालण्याचा हुकूम त्याला कोणी दिला नव्हता.